अँडीजला जाताय? आधी खाली कसं यायचं ते ठरवा

आपल्याकडे ट्रिपचं प्लॅनिंग म्हणजे काय असतं? कॅलेंडर उघडायचं, दोन लाँग वीकेण्ड हेरायचे, मधले चार दिवस सीएल टाकायची आणि बॉसचा मूड बघून मेल पाठवायचा. सात रात्री, आठ दिवस, झालं! गोवा, केरळ, थायलंड, अगदी युरोपलासुद्धा हा फंडा चालून जातो. अँडीजला नाही चालत. तिथला हिशेब मीटरमध्ये करावा लागतो. आज रात्री आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर झोपणार, हा पहिला प्रश्न. आणि तब्येत बिघडली तर तिथून खाली यायला किती तास लागतील, हा दुसरा. हॉटेल, कॅमेरा, जॅकेट वगैरे खरेदी त्याच्यानंतर.

मी हे एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण माझ्यासोबत आई होती. वय ५९. रोज सकाळी बीपीची एक गोळी. आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेली. अँडीज म्हणजे जगातली सगळ्यात लांब पर्वतरांग, जवळजवळ ७,००० किलोमीटर, हे तिने फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. टिटिकाका म्हटलं की वर्ग हमखास फिदीफिदी हसायचा म्हणे. "एकदा साठीच्या आत बघून येऊ," असं ती म्हणाली तेव्हा मला ते नुसतं बोलण्यातलं वाटलं. पण साठीच्या आत जाण्याला एक अगदी व्यवहारी कारणही निघालं, ते पुढे येईलच.

आधी उंचीचं बघू. कळसूबाई १,६४६ मीटर. आपल्या महाराष्ट्राचं टोक. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवा, तरी पेरूमधल्या कुस्को शहराची उंची गाठायला शंभरेक मीटर कमीच पडतात. कुस्को आहे ३,४०० मीटरवर. आणि लिमाहून, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून, विमान तुम्हाला तिथे सव्वा तासात नेऊन सोडतं. शरीराला कळायच्या आत! हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब उतरलेला असतो, त्यामुळे एका श्वासात आपल्याला सवयीच्या साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. जिना चढताना हे जाम जाणवतं.

आणि प्लीज, 'मी दर रविवारी सिंहगड चढतो' हे इथे सांगू नका. उंचीचा त्रास फिटनेस बघून होत नाही. उलट मॅरेथॉनवाल्यांना तो होताना दिसतो, कारण त्यांना हळू चालायची सवयच नसते. आधी कधी उंचीवर त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त, एवढं मात्र खरं. लक्षणं बरीचशी हँगओव्हरसारखी: डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. तिथवर ठीक आहे. तिथेच थांबायचं, वर जायचं नाही, एकदोन दिवसांत शरीर जमवून घेतं. पण बसल्या जागी धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली, माणूस झोकांड्या खायला लागला किंवा असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी खाली उतरायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत सूज यायला लागल्याची ही लक्षणं आहेत आणि त्यात माणूस दगावतो.

म्हणून डॉक्टरकडे आधी जायचं. आमच्या फिजिशियनने आईचा ईसीजी, बीपी वगैरे सगळं बघितलं आणि मग अ‍ॅसिटाझोलामाइडवर बोलले. म्हणजेच लेहला जाणाऱ्यांच्या तोंडी असलेली डायमॉक्स. चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करायची असते. ती घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, बाथरूमच्या फेऱ्या वाढतात, आणि गंमत म्हणजे सोडा चक्क बेचव लागतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि बीपीची गोळी घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने अजिबात घ्यायची नाही. 'शेजारच्या काकांनी घेतली होती, त्यांना काही झालं नाही' हा काही वैद्यकीय सल्ला नव्हे.

रूट कसा आखायचा? नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढायची. आईने याचा सरळ आलेख काढला. हो, ग्राफ पेपरवर, पेन्सिलने! आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर झोपायची उंची. माझी एक्सेल शीट बघून म्हणाली, "अगं, यात चढ दिसतच नाही."

आता लिमाहून उडून थेट कुस्कोत मुक्काम केला तर हा नियम पहिल्याच रात्री मोडतो. त्यावर एक सॉलिड उपाय आहे. कुस्कोच्या विमानतळावर उतरायचं, शहराकडे बघायचंही नाही, टॅक्सी करून तडक उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ज्याला 'सेक्रेड व्हॅली' म्हणतात तिथे उतरायचं. ओयांतायतांबो हे गाव आहे २,८०० मीटरच्या आसपास. दगडी गल्ल्या, गल्लीच्या कडेने खळखळणारे इंकांच्या काळातले पाट, आणि समोरच्या डोंगरावर धान्याची कोठारं. इथूनच माचू पिचूची ट्रेन सुटते. आणि माचू पिचू, जे फोटोत सगळ्यात उंच वाटतं, ते प्रत्यक्षात २,४३० मीटरवर आहे. कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली! म्हणजे माचू पिचू आधी आणि कुस्को नंतर. बरेच पॅकेजवाले उलटं करतात, कारण त्यांना ते सोयीचं पडतं.

माचू पिचूची तिकिटं मात्र आधीच काढा. रोजची संख्या मर्यादित आहे, वेळ ठरलेली असते, आत कुठल्या मार्गाने फिरायचं तेही तिकिटावरच ठरतं, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. सीझन मे ते सप्टेंबर, कोरडा. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी असते तेव्हा तिथे पाऊस नुकताच संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात. फेब्रुवारीत इंका ट्रेल दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात.

आता कागदपत्रं. माझ्याकडे ऑफिसच्या कृपेने अमेरिकेचा व्हिसा होता आणि आईकडे ताईच्या कृपेने, कारण ताई न्यूजर्सीला असते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन यांपैकी एखादा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा पर्यटन व्हिसा लागत नाही, हे २०१७ पासून आहे. बोलिव्हियाचं प्रकरण वेगळं, तिथला व्हिसा वेगळा. नियम बदलत असतात, त्यामुळे एजंटच्या तोंडी गॅरंटीवर न जाता वकिलातीच्या साइटवर स्वतः वाचा.

पण खरी गोची व्हिसाची नाही, लशीची आहे. यलो फीव्हर, पीतज्वर. कुस्को, टिटिकाका अशा थंड उंच ठिकाणी त्याचा डास नसतोच. तरीही लस हवी, कारण ती विचारणार आपलाच देश, परत येताना! भारताच्या यादीत पेरू आणि बोलिव्हिया दोन्ही आहेत, आणि तुम्ही देशाच्या कुठल्या भागात फिरलात याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं सर्टिफिकेट नसेल, तर थेट क्वारंटाइन. परतीच्या वाटेवर ताईकडे आम्ही तीनच दिवस थांबणार होतो, म्हणजे सुटका नव्हती. लस ठराविक केंद्रांवरच मिळते, ती घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. साठी ओलांडलेल्यांना मात्र या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे डॉक्टर ती देताना दहा वेळा विचार करतात. साठीच्या आत जायचं ते यासाठी. आईने वाढदिवसाच्या पाच महिने आधी लस टोचून घेतली.

ओयांतायतांबोत तीन रात्री मस्त गेल्या. माचू पिचूत आई माझ्यापेक्षा जास्त चालली, गाइडला तिने दोनदा करेक्ट केलं, आणि तो बिचारा शेवटी तिला 'प्रोफेसोरा' म्हणायला लागला. चौथ्या दिवशी आम्ही कुस्कोत वर आलो. संध्याकाळी मी कोका चहा आणायला खाली गेले. परत आले तर आई पलंगाच्या कडेला बसलेली, बोटाला ऑक्सिमीटर.

"८६," ती म्हणाली.

ऑक्सिमीटर घरातलाच होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये घेतलेला. त्या दिवसांत ९४ च्या खाली आकडा गेला की फोनाफोनी सुरू व्हायची, हे तुमच्यापैकी कुणाला नव्याने सांगायला नको. आमच्याकडे हाच ८६ आकडा बाबांच्या बोटावर दिसला होता. त्यानंतर बाबा हॉस्पिटलमधून परत आले नाहीत.

मी मशीन माझ्या बोटाला लावलं. ८८. आईने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. डॉक्टरांनी निघताना बजावून ठेवलं होतं की कुस्कोत धडधाकट माणसाचा आकडाही नव्वदच्या खाली जातो, झोपेत तर आणखी. मुंबईतला ८६ आणि कुस्कोतला ८६ यांचा अर्थ एक नाही. हे दोघींनाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ती लाल अक्षरं बघणं वेगळं. त्या रात्री आम्ही ठरवलं, आकडा दिवसातून एकदाच बघायचा, सकाळी. बाकी वेळ तीन प्रश्न. डोकं दुखतंय का? भूक आहे का? एका पावलापुढे दुसरं लावून सरळ रेषेत चालता येतंय का? आईने ऑक्सिमीटर लोकरी मोज्यात घातला आणि बॅगेच्या तळाशी टाकला.

तुम्ही घरून ऑक्सिमीटर नेणार असाल तर न्या, पण त्या मशीनशी तुमचं नातं काय आहे याचाही विचार करून न्या.

खाण्याचं थोडक्यात. कुस्कोत पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. आईने छोटी केटल आणि मेतकूट नेलं होतं, भात होईना. "दाब कमी, उत्कलनबिंदू कमी," असं ती कच्च्या तांदळाकडे बघत समाधानाने म्हणाली. तांदूळ ठेवा घरी, उपम्याचं आणि पोह्यांचं इन्स्टंट पाकीट न्या. शाकाहारींचे हाल होत नाहीत: किन्वाचं सूप, मक्याचं टपोरं कणीस आणि चीज, बटाट्याचे असंख्य प्रकार. फक्त 'सिन कार्ने' एवढंच म्हणून थांबू नका, कारण तिथे चिकनला बरेच जण 'कार्ने' धरत नाहीत. 'सिन पोयो' हेही म्हणा. रात्री कमी जेवा, वर पचन मंदावतं. कोका चहा तिथे कायदेशीर आहे, गरम म्हणून छान वाटतो, पण औषध समजून त्याच्यावर विसंबू नका. आणि त्याची पानं किंवा टी-बॅग्ज सुवेनिर म्हणून आणायचा विचारही करू नका. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान थेट येतं.

ऊन कडक, सावली गारठवणारी. दुपारी टी-शर्ट आणि रात्री दोन स्वेटर. स्वस्त हॉटेलांत हीटर नसतो, बुक करताना विचारून घ्या. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, कोपरा जरी फाटलेला असला तरी परत हातात ठेवतात. आणि प्रत्येक आठवड्याला एक दिवस रिकामा सोडा. रस्ते अडवून आंदोलन करणं ही तिथली जुनी रीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पेरूत राजकीय उलथापालथ झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये माचू पिचू बंद करावं लागलं, ट्रेन थांबल्या, पर्यटक अडकले. तुमची परतीची फ्लाइट असल्या गोष्टींसाठी थांबत नाही.

कुस्कोहून पुनो, दिवसभराची बस. वाटेत ला राया खिंड, ४,३३८ मीटर. आणि मग ते विस्तीर्ण पठार, आल्टिप्लानो. आई काचेला नाक लावून बसली होती. "दख्खनचं पठार सहापट वर उचलून ठेवलंय बघ," ती म्हणाली.

अँडीजच्या प्लॅनिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या वाक्यातच आहे. सह्याद्रीत काही बिनसलं तर दोन तासांत पायथा. पठारावर पायथाच नसतो! पुनो ३,८३० मीटर. शेजारचं शहर? तेवढंच. त्याच्या पुढचं? तेवढंच. गाडी दिवसभर चालवली तरी तुम्ही त्याच उंचीवर. पुनोहून आरेकिपा हे शहर २,३३५ मीटरवर आहे, पण रस्ता खाली जायच्या आधी साडेचार हजारांच्या आसपास चढतो. म्हणजे आजारी माणसाला खाली न्यायचं तर आधी वर न्यायचं. त्यापेक्षा तासाभरावरच्या जुलियाकाहून लिमाचं विमान बरं, केबिनमधला दाब पुनोपेक्षा नक्कीच चांगला असतो. हे निघायच्या आधी माहीत हवं. आईच्या आलेखात पुनोच्या बाजूला लाल पेनाने लिहिलेलं होतं: 'खाली = जुलियाका विमानतळ.'

आमचा पुढचा बेत बोलिव्हियाचा होता. ला पाझ, मग सालार दे उयुनी, दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं मैदान, आणि तिथून तीन दिवसांची जीप सफारी. तिच्यात एक मुक्काम ४,३०० मीटरच्या आसपास, आणि पहाटे गरम पाण्याचे झरे बघायला ४,८०० च्याही वर. तिथून खाली म्हणजे चिलीतलं सान पेद्रो. पण तो दरवाजा दुसऱ्या देशात उघडतो, तिकडे जायची परवानगी हातात नसेल तर तुमच्यासाठी ती भिंतच.

टिटिकाका आईने बघितलं. ३,८१२ मीटर. बोटीत, लव्हाळ्याच्या तरंगत्या बेटांवर, नंतर काठावर, दिवसभर बघितलं. दुसऱ्या रात्री दोनला तिला जाग आली, डोकं फुटत होतं. पॅरासिटामॉल घेतली. सकाळी नाश्त्याला अंड्याचा वासही नको म्हणाली. चालत सरळ होती, धाप नव्हती. पण तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं चुकली होती, आणि घरी डायनिंग टेबलवर आम्ही लिहून ठेवलं होतं: पुनोत डोकं आणि भूक दोन्ही बिघडलं तर बोलिव्हिया कॅन्सल. बोलिव्हियाची बुकिंग्ज मुद्दाम रिफंडेबल घेतली होती, थोडे पैसे जास्त मोजून.

"तू जा," आई म्हणाली. "मी इथे थांबते. हॉटेलची बाई चांगली आहे."

खरं सांगू? मला जायचं होतं. दोन वर्षं पैसे साठवले होते, अठरा दिवसांची रजा पुन्हा लवकर मिळणार नव्हती, आणि माझ्या डेस्कवरचा वॉलपेपर कित्येक महिने सालारचाच होता. दहा मिनिटं मी खिडकीतून बाहेर बघत हिशेब करत होते. ती एकटी लिमाला जाईल का? तिला स्पॅनिशमधलं 'ग्रासियास' सोडून काय येतं? मग मी फोन काढला आणि जुलियाकाची दोन तिकिटं बुक केली. आई दिवसभर अबोल होती. आपल्यामुळे झालं, हे तिला खात होतं, आणि मीही 'छे, काही नाही गं' असं म्हणण्याइतकी मोठ्या मनाची त्या दिवशी नव्हते.

लिमात संध्याकाळी समुद्रकाठी तिने दोन वेळा भात मागवून घेतला. डोकं थांबलं होतं.

आमच्याकडे पाच दिवस शिल्लक होते. दोन दिवस लिमात काढून विमानाने आरेकिपाला गेलो, कारण तिथे उंची झेपणारी आणि गच्चीवरून मिस्ती ज्वालामुखी दिसतो, ५,८२२ मीटर. हॉटेलच्या मुलाने लगेच कोल्का दरीच्या टूरचं ब्रोशर पुढे केलं. गिधाडांच्या जातीतले ते प्रचंड काँडोर, गरम पाण्याची कुंडं, सगळं एकदम सही. मी आईकडे बघितलं. तिने चष्मा लावला.

"याला विचार, वाटेतली खिंड किती मीटर."

४,९१०.

"मग नको," आई म्हणाली, आणि आम्ही चौकात केसो एलादो नावाचं तिथलं आइस्क्रीम खायला गेलो.